निकषाबाहेरचे दुखणे

कौमुदीच्या दुखण्याविषयी घरात दोन मते होती आणि त्यांतले एकही तिचे नव्हते.

पहिले मत तिच्या सासूबाईंचे. चंद्रिकाबाई तळेगावातल्या एका शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाल्या होत्या. पोटाला सुरी लावण्यापूर्वी लोणावळ्याच्या डॉक्टर चिंतामणींना एकदा दाखवलेच पाहिजे, असे त्यांचे म्हणणे होते. दुसरे मत नवऱ्याचे. सुश्रुत कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवायचा आणि रविवारी मावळातल्या वाचनालयांत वैज्ञानिक दृष्टिकोनावर व्याख्याने द्यायचा. चिंतामणींच्या होमिओपॅथीच्या गोळ्या म्हणजे निव्वळ साखर, असे तो म्हणे. हे मत बरोबर होते. एका बरोबर मताने आपले इतके नुकसान कसे केले, हे पुढे कौमुदीला कुणालाच नीट समजावून सांगता आले नाही.

तिचे स्वतःचे मत साधे होते. तिला शस्त्रक्रिया करून घ्यायची होती. आजाराचे नाव एंडोमेट्रिओसिस. गर्भाशयाच्या आतल्या अस्तरासारखे अस्तर ओटीपोटात जिथे असू नये तिथे रुजते. पाळीच्या दिवसांत तेही सुजते आणि झिरपते, पण त्याला बाहेर पडायला वाट नसते. मग आतले अवयव हळूहळू एकमेकांना चिकटू लागतात. हे दुखणे कौमुदी शाळेत असल्यापासून ओळखत होती. त्याला नाव मिळायला मात्र तिशी ओलांडावी लागली. तोवर आई, मावशी, शाळेतल्या बाई, कंपनीचे डॉक्टर, सगळ्यांनी ते बायकांच्या जातीला असतेच म्हणून सांगितले होते.

नाव देणाऱ्या डॉक्टर प्रतीक्षा फार बोलणाऱ्या नव्हत्या. त्यांनी एमआरआयची चित्रे पडद्यावर लावली आणि डाव्या बाजूला पेनाचे टोक टेकवले.

"दुखणं कमी-जास्त होत राहील, त्यावर जाऊ नका," त्या म्हणाल्या. "मला काळजी या मूत्रवाहिनीची आहे. गाठ तिला लागून आहे. नळी दाबली गेली तर किडनी गुपचूप जाते, कळतही नाही. ऑपरेशन या उन्हाळ्यात करून टाका. काही कारणानं पुढे गेलंच, तर तीन महिन्यांनी सोनोग्राफी चुकवायची नाही."

हे बोलणे कौमुदीने ऐकले आणि शेजारी बसलेल्या सुश्रुतनेही ऐकले. दोघांचेही शिक्षण ते समजण्याइतके होते.

घरी आल्यावर चंद्रिकाबाईंनी रडारड केली नाही. ते त्यांच्या स्वभावात नव्हते. त्यांनी एवढेच सांगितले, की त्यांच्या धाकट्या बहिणीला अशाच एका ऑपरेशननंतर मूल झाले नाही, आणि चिंतामणींच्या हातून गुण आलेल्या निदान दहा बायका त्या नावानिशी सांगू शकतात. सुश्रुतने मग गुण न आलेल्या किती, असे विचारले. त्या म्हणाल्या, गुण न आलेल्या कशाला मला येऊन सांगतील. सुश्रुत हसला, आणि हसता हसता त्याच्या चेहऱ्यावर ती चमक आली, जी कौमुदी लग्नाआधीपासून ओळखत होती आणि जिच्यावर ती एके काळी भाळली होती.

"आई, तुझंही राहू दे आणि माझंही," तो म्हणाला. "आपण तपासूनच बघू."

योजना त्याने त्याच बैठकीत मांडली, आणि ती निर्दोष होती. चिंतामणींनी आपले औषध द्यायचे. तशाच दिसणाऱ्या, औषध न घातलेल्या कोऱ्या गोळ्या दुकानातून आणायच्या. सुश्रुतचा सहकारी अमृत रसायनशास्त्र शिकवतो; त्याने दोन्ही प्रकार सारख्या बाटल्यांत भरून एकीला निळी आणि दुसरीला पिवळी चिकटपट्टी लावायची. कुठल्या रंगात काय आहे, ते फक्त त्याला ठाऊक. कुठल्या पाळीला कुठला रंग, हे नाणे उडवून ठरवायचे. कौमुदीने रोज संध्याकाळी ओटीपोटातले दुखणे शून्य ते दहा या मापात सांगायचे. शेवटी रंग उघडायचे. फरक दिसला तर सुश्रुत हरला, नाही दिसला तर आई.

"आणि माझं ऑपरेशन?" कौमुदीने विचारले.

"दिवाळीच्या सुट्टीत. सहा पाळ्या झाल्या की लगेच. दुखणं तर नाहीतरी आहेच, निदान ते वाया जाणार नाही."

कौमुदी वराळ्याच्या बाजूला असलेल्या एका कारखान्यात मापनयंत्रांची तपासणी करायची. दाबमापक, तापमापक, वजनकाटे तिच्या टेबलावर यायचे आणि ते खरे बोलतात की नाही हे ती ठरवायची. चांगल्या मोजणीचे तिला आकर्षण होते. सुश्रुतच्या योजनेत बोट ठेवायला तिला जागा सापडली नाही. शिवाय शस्त्रक्रियेनंतर तिला अंथरुणावर पडून राहावे लागणार होते, आणि त्या दिवसांत घर सासूबाईंनीच सांभाळायचे होते. त्यांचे मन वळवून केलेली शस्त्रक्रिया तिला हवी होती, मन मोडून केलेली नव्हे. तिने होकार दिला.

सुश्रुत नियमाने चालणारा माणूस होता. त्याने तिला समोर बसवले.

"तू कधीही यातून बाहेर पडू शकतेस," तो म्हणाला. "कारण सांगायची गरज नाही."

"घरच्या घरात कसली रे परवानगी?" चंद्रिकाबाई म्हणाल्या. "बायको आहे ती तुझी. बेडूक नाही."

चिंतामणींचा दवाखाना लोणावळ्याच्या बाजारात, एका चिक्कीच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर होता. खालच्या भट्टीतल्या गुळाच्या पाकाचा वास बाकड्यांपर्यंत यायचा. कौमुदीशेजारी परंदवडीच्या मुक्ताबाई बसल्या होत्या. गुडघ्यांसाठी त्या दोन वर्षे येत होत्या आणि डॉक्टरांच्या हाताला लय गुण आहे म्हणून सांगत होत्या. या गोळ्यांशिवाय दुसरे काही घेत नाही ना, असे कौमुदीने सहज विचारले. मुक्ताबाईंनी आधी दाराकडे पाहिले.

"मेडिकलातली लाल गोळी घेती की रातच्याला," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "यास्नी न्हाई सांगत. म्हाताऱ्या माणसाला वाईट वाटंल. तुमी बी नका सांगू, ताई."

कौमुदी बऱ्याच दिवसांनी मोकळी हसली. ही हकिकत तिने घरी सांगितली, तेव्हा सुश्रुत तिच्याहून जास्त हसला. पुढे तो ती प्रत्येक व्याख्यानात सांगू लागला.

चिंतामणींनी तिला सावकाश ऐकून घेतले. कळ कुठून निघते, कुठवर जाते, उन्हाने वाढते की गारव्याने, झोप कुठल्या कुशीवर लागते, स्वप्नात पाणी दिसते का, आंबट खावेसे वाटते का. काही प्रश्न निरर्थक होते. पण दुखण्याविषयी आजवर इतके प्रश्न कुणीच विचारले नव्हते, हे कौमुदीला मान्य करावे लागले. मग ते सगळे ऐकलेले दोनशे पोटेन्सीच्या एका बाटलीत गेले, म्हणजे मूळ द्रव्याचा एकही कण उरणार नाही इतके पातळ झाले.

प्रयोगाला चिंतामणींची हरकत नव्हती. "करा खुशाल," ते म्हणाले. "माझी परीक्षा इथं रोजच होते." मग त्यांनी बजावले, की आरंभी त्रास वाढेल, औषध लागू पडल्याची ती खूण असते. म्हणजे दुखणे कमी झाले तर औषधामुळे, वाढले तरी औषधामुळे. सुश्रुतने हे घरी येताच टिपून घेतले. व्याख्यानासाठी तेही उपयोगी होते.

पथ्ये आली. कॉफी बंद, कच्चा कांदा बंद, बाम आणि कापूर वर्ज्य. चंद्रिकाबाईंनी पथ्ये सुनेची न ठेवता घराची केली. कोशिंबिरीतून कांदा गेला. देवघरातली कापराची डबी त्यांनी शेजारणीला देऊन टाकली. आरती नुसत्या निरांजनावर होऊ लागली. या सगळ्यात माया होती, हे कौमुदीला दिसत होते. त्यामुळे रागवायलाही जागा उरली नाही.

वेदनाशामक गोळीच्या बाबतीत मात्र दोन्ही पंथांचे एकमत झाले. चिंतामणींच्या मते तिने औषधाचा परिणाम पुसला जातो. सुश्रुतच्या मते तिने आकडे दूषित होतात. डॉक्टर प्रतीक्षांनी शस्त्रक्रियेपर्यंत म्हणून दिलेल्या हार्मोनच्या गोळ्याही त्याच दोन कारणांनी थांबल्या. दोघे एकमेकांना भोंदू आणि उद्धट समजत होते. परंतु कौमुदीने कण्हत पडावे, यावर त्यांचे दुमत नव्हते.

पहिल्या पाळीत ती न्हाणीघरात बादलीची कड धरून बसली होती. दाराबाहेर सुश्रुत उभा होता. त्याचा आवाज मऊ होता. तो निर्दय कधीच नव्हता.

"आकडा तेवढा सांग. मग शेकायची पिशवी देतो."

"नऊ," ती म्हणाली.

शेकायची पिशवी चालत होती. फक्त दर वेळी पाणी सारख्याच तापमानाचे हवे होते, म्हणून तो ते तापमापकाने मोजून भरायचा.

दुसऱ्या पाळीला आकडा आठवर राहिला, तिसऱ्या पाळीला सातवर. चंद्रिकाबाईंनी पेढे आणले. सुश्रुतने त्यांना शांतपणे समजावले, की माणूस सर्वांत वाईट अवस्थेत उपचार सुरू करतो, त्यामुळे पुढे काहीही दिले तरी थोडे बरेच वाटते. शिवाय घरातले सगळे लक्ष आता कौमुदीकडे आहे, त्यानेही फरक पडतो. हे सगळे खरे होते. पेढा त्यानेही खाल्ला.

त्याच सुमारास, आषाढात, कौमुदीच्या डाव्या कुशीत मागच्या बाजूला काहीतरी दुखू लागले. ही कळ नव्हती. एक जडसर, सततचे, पाळीशी संबंध नसलेले दुखणे, जणू बरगडीखाली कुणीतरी मूठ ठेवून विसरून गेले आहे.

तिने आधी चिंतामणींना सांगितले. त्यांचा चेहरा उजळला. रोग बरा होताना आतून बाहेर सरकतो, ते म्हणाले, आणि जुनी दुखणी उलट क्रमाने परत येऊन निघून जातात.

"लहानपणी कधी पाठीला मार लागला होता?"

कौमुदीला खोटे बोलायची सवय नव्हती. "शाळेत एकदा झोपाळ्यावरून पडले होते."

"बघा," चिंतामणी म्हणाले.

हे तिने सुश्रुतला सांगितले, तेव्हा तो पोट धरून हसला. मग तिने विचारले, की ते जाऊ दे, पण ही पाठ मी कुठे धरायची?

"पाठ आपल्या निकषात नाही," तो म्हणाला. "आपण आधीच ठरवलंय, ओटीपोटातलं दुखणं, शून्य ते दहा. मध्येच नवीन गोष्ट धरली, तर उद्या कुणीही म्हणेल की सोयीचं तेवढं मोजलं. आणि ते बरोबर म्हणेल."

"निकषात धरू नकोस. सोनोग्राफीची वेळ झाली आहे, ती करून येते."

सुश्रुतने यावर मनापासून विचार केला.

"निकाल चांगला आला, तर तुला बरं वाटेल. वाईट आला, तर भीतीनं जास्त दुखेल," तो म्हणाला. "दोन्हीकडून आकडे बिघडतात. निम्म्यावर आलोय गं आपण. महिन्याभरानं असं काय होणार आहे?"

चंद्रिकाबाईंनी चिंतामणींना फोन लावला. फोटो काढून कुणी बरे होत नसते, असा तिकडून निरोप आला.

ती स्वतः जाऊ शकली असती. सोनोग्राफीचे केंद्र कंपनीची बस थांबते त्या कोपऱ्याच्या समोरच होते. रोज संध्याकाळी उतरताना तिला त्याची पाटी दिसायची. ती गेली नाही. न्हाणीघरातल्या त्या तीन पाळ्या तिने गोळीशिवाय काढल्या होत्या. आता मध्येच प्रयोग मोडला, तर तेवढे सोसणे फुकट जाणार होते. श्रावणात सुश्रुतने पुढची पाळी होऊ दे म्हटले. मग गणपती आले.

गणपतीत कुशीतले दुखणे गेले. एके सकाळी उठल्यावर तिच्या लक्षात आले, की मूठ तिथे नाही. ओटीपोटाचा आकडाही पाचावर आला होता. चंद्रिकाबाईंनी चिंतामणींना मोदक पाठवले. चिंतामणींनी उलट कळवले, की जुने दुखणे येऊन गेले, आता मूळ आजाराची मुळे सुटली. सुश्रुतने आलेख काढला. दोन रंगांचे ठिपके एकाच उतारावर इतके सुरेख बसले होते, की अमृतने रंग उघडण्यापूर्वीच निष्कर्ष दिसत होता. सुश्रुतने तो आलेख कौमुदीला दाखवला आणि तिच्या खांद्यावर हात ठेवला. त्या आठवड्यात ते तिघे जितके आनंदात होते, तितके त्या घरात आधी किंवा नंतर कधी नव्हते.

नवरात्र सुरू व्हायच्या आधी, कंपनीत, कॉम्प्रेसर विभागातला प्रितम एक दाबमापक घेऊन तिच्या टेबलाशी आला. त्याला तपासणीचे लेबल लवकर हवे होते.

"एक नंबर चाललाय, मॅडम. गेल्या आठवड्यापासून काटा जागचा हललेला नाही."

"काटा हलत नाही, म्हणजे दाब स्थिर आहे, की मागची नळी बुजली आहे?" कौमुदीने हातातल्या कामावरून मान वर न करता विचारले. नव्या मुलांना ती हे वर्षानुवर्षे सांगत आली होती. "आधी ते बघायचं. यंत्र गप्प आहे म्हणजे सगळं ठीक आहे, असं होत नाही."

बोलता बोलता ती थांबली. मापक तिने टेबलावर ठेवला आणि प्रितमला उद्या ये म्हणून सांगितले. मग अर्ध्या दिवसाची रजा टाकून ती बाहेर पडली आणि कोपऱ्यावरच्या त्या पाटीखाली जाऊन बसली.

सोनोग्राफी करणारे डॉक्टर आधी गप्पा मारत होते. डाव्या बाजूला आल्यावर त्यांनी गप्पा बंद केल्या. यंत्राचा दांडा ते पुन्हा पुन्हा त्याच जागी फिरवत राहिले.

"इथं मागे दुखत होतं का?"

"दुखायचं. थांबलं."



डॉक्टर प्रतीक्षांनी पुण्याला पाठवून किडनीचे काम मोजणारा स्कॅन करून घेतला. डाव्या किडनीचे काम जवळजवळ संपले होते. मूत्रवाहिनी गाठीखाली पूर्ण दाबली गेली होती; मागे साचलेल्या पाण्याने किडनीची एक पातळ पिशवी करून टाकली होती.

"मग दुखायचं थांबलं कसं?" सुश्रुतने विचारले.

"तिथं दुखण्यासारखं फारसं उरलं नाही, म्हणून," डॉक्टर प्रतीक्षा म्हणाल्या. मग त्या त्याच्याकडेच पाहत म्हणाल्या, "मी तीन महिने म्हणाले होते."

सुश्रुतने त्यांना प्रयोगातले ‘अंधत्व’ राखण्याचा मुद्दा समजावून सांगायला सुरुवात केली. रुग्णाला मधला निकाल कळला तर मोजणीवर परिणाम कसा होतो, वगैरे. त्या थोडा वेळ ऐकत राहिल्या. मग त्यांनी घंटी दाबून पुढच्या रुग्णाला आत बोलावले.

शस्त्रक्रिया दिवाळीच्या आधीच झाली. गाठी काढल्या, चिकटलेले सोडवले, आणि डावी किडनी ठेवण्यात अर्थ नव्हता म्हणून तीही काढली. एका किडनीवर माणूस जगतो. डॉक्टरांनी तसे सांगितले आणि ते खरे आहे. यापुढे वेदनाशामक गोळ्या मात्र तिला सहज घेता येणार नव्हत्या. उरलेल्या किडनीला त्या सोसतील की नाही, हे दर वेळी विचारावे लागणार होते. चंद्रिकाबाई रोज मऊ भात घेऊन यायच्या, तिला भरवायच्या आणि न बोलता डबा धुऊन परत न्यायच्या.

अमृतने रंग उघडले. निळ्यात औषध होते, पिवळ्यात नुसती साखर, आणि दोन्हींच्या आकड्यांत काहीही फरक नव्हता. हा निकाल सुश्रुतने तिला वॉर्डातच सांगितला. ऐकून तिला बरे वाटेल, असे त्याला खरोखर वाटले होते.

चिंतामणींनी चंद्रिकाबाईंना सांगितलेले तिच्या कानावर दुसऱ्या दिवशी आले. दुखणे मी घालवले, ते म्हणाले होते. किडनी माझ्याकडे कुणी दाखवायला आणली नव्हती.

पौषात लोणावळ्याच्या एका वाचनालयाने सुश्रुतचे व्याख्यान ठेवले. विषय होता, गोळी आणि विश्वास: एका घरगुती प्रयोगाचा निष्कर्ष. निःपक्षपातीपणासाठी त्याने चिंतामणींनाही बोलावले होते. आदल्या दिवशी तो संगणकावर चित्रे रचत असताना कौमुदी मागे येऊन उभी राहिली.

"शेवटी एक चित्र घाल," ती म्हणाली. "पुण्याच्या स्कॅनचं."

"त्याचा गोळ्यांशी काय संबंध? निळी असती, पिवळी असती, काहीच दिलं नसतं, तरी हेच झालं असतं."

"मला माहीत आहे."

"मग?"

या प्रश्नाला त्याच्या निकषात बसेल असे उत्तर तिच्याकडे नव्हते.

सभागृह भरले होते. सुश्रुत चांगला बोलला. मुक्ताबाईंच्या लाल गोळीची हकिकत सांगितली तेव्हा हशा झाला. आलेख आला तेव्हा शांतता पसरली. प्रयोगातल्या व्यक्तीचा उल्लेख त्याने ‘एक महिला’ असा केला आणि तिचे नाव कटाक्षाने टाळले. शेवटी चिंतामणी उठले आणि त्यांनी सभ्यपणे विचारले, की त्या महिलेचे दुखणे जवळजवळ निम्म्याने कमी झाले, हे तुम्हालाही मान्य आहे ना? सुश्रुत म्हणाला, पूर्ण मान्य आहे. वाद फक्त श्रेयाचा आहे. दोघेही किंचित हसले. इतक्या महिन्यांत त्यांचे प्रथमच इतके जमले होते.

मग मागच्या रांगेतून रेल्वेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ उठले. विज्ञानातले आपल्याला कळत नाही, अशी त्यांनी सुरुवात केली.

"त्या बाई आता कशा आहेत?"

सुश्रुतने पाण्याचा घोट घेतला. "त्यांची प्रकृती हा या अभ्यासाचा निकष नव्हता," तो म्हणाला. "तरीही, त्या ठीक आहेत."

कौमुदी तिसऱ्या रांगेत बसली होती. ती उठली तेव्हा टाक्यांची जागा अजून ओढ देत होती, म्हणून तिला पुढच्या खुर्चीची पाठ धरावी लागली.

"त्या बाई मी," ती म्हणाली. "प्रयोग संपेपर्यंत तपासणी करायची नाही, असं आमचं ठरलं होतं. त्या काळात माझी डावी किडनी गेली. वाटेत पाठ दुखून तिनं सांगितलं होतं. डॉक्टर चिंतामणींनी ते बरं होण्याचं लक्षण मानलं आणि माझ्या नवऱ्यानं ते मोजण्यातून वगळलं. पडद्यावरचा निष्कर्ष मात्र बरोबर आहे. त्यात चूक नाही."

ती खाली बसली. सुश्रुत आणि चिंतामणी एकाच वेळी बोलायला उठले, आणि दोघांचाही पहिला शब्द ‘पण’ होता. अध्यक्षांनी घाईने आभार मानले आणि बाहेर चहा ठेवल्याचे जाहीर केले.

परतताना गाडी कामशेतजवळ आली.

"तू म्हणालीस ते खोटं नाही," सुश्रुत म्हणाला. "पण निदान सगळे प्रश्न होईपर्यंत थांबायचं होतंस. आता लोकांच्या डोक्यात निष्कर्ष राहणार नाही. तेवढंच राहील."

कौमुदी बाहेर पाहत होती. रस्त्याकडेच्या शेतात नव्या इमारतींचे सांगाडे उभे होते.

"मला वराळ्याला सोड," ती म्हणाली.

"रविवार आहे आज. कंपनी बंद असेल."

"तिथं खोली घेतली आहे. आईंना सकाळी सांगितलं. सामान हळूहळू नेईन."

त्याने गाडीचा वेग कमी केला. मागून येणाऱ्या ट्रकने हॉर्न दिला आणि तो पुढे निघून गेला.

"चिंतामणींना मी खोटं ठरवलं, कौमुदी," तो म्हणाला. "सगळ्यांसमोर."

"ठरवलंस."

"मग का?"

"कारण सांगायची गरज नाही," ती म्हणाली. "तूच म्हणाला होतास."

"ते प्रयोगापुरतं होतं," सुश्रुत म्हणाला, आणि फाटा आला तेव्हा त्याने गाडी वराळ्याच्या दिशेने वळवली.